फिनेलताईच्या डागी प्लेटा

तिला आम्ही फिनेलताई म्हणायचो. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं ताई. पण तिला ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, मनातून आवडतही होतं. आमच्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मी, म्हणजे रक्तातली साखर आणि युरिया मोजणारी. आतल्या खोलीत ती, जंतू वाढवणारी. मधे अर्ध्या काचेचं दार. त्या दारातून आत जायचं तर बाहेरच्या चपला काढा, आतल्या घाला, हात धुवा, पुन्हा धुवा, केस टोपीत कोंबा. आणि एवढे सोपस्कार करून आत गेलात की ती मान वर न करता म्हणणार, "काय काम आहे? तिथूनच बोल."

नाकावर माशी बसू द्यायची नाही ती. माशीचीही तिथे बसायची छाती झाली नसती म्हणा.

लोकांना वाटतं, जंतूंचं काय, कुठेही वाढतात. घरात नको असतात तेव्हा वाढतात, हे खरं. पाहिजे असतात तेव्हा त्यांचे नखरे बघावेत. रोग्याच्या रक्तातला जंतू बाहेर काढून, त्याला काचेच्या बशीत वाढवून, तो कोण आणि कशाने मरतो हे सांगायचं, हे तिचं काम. त्या बशीला आम्ही प्लेट म्हणतो आणि तीत जे खाणं ओतून थिजवतात त्याला मीडिया. "जंतू म्हणजे रुसका जावई," ताई म्हणायची. "एकाला साधं चालतं. एकाला रक्त घालून लागतं. एकाला तेच रक्त भाजून लागतं. एकाला हवा सोसत नाही, त्याला डब्यात कोंडा. एकाला हवा हवी पण जरा कोंदट हवी, त्याच्यासाठी बरणीत मेणबत्ती लावा, झाकण घट्ट करा, ती विझली की झाली त्याच्या मनासारखी हवा. एवढं करून मूड असला तर उगवणार." भाजलेल्या रक्ताची प्लेट चॉकलेटी दिसते, म्हणून तिचं नावच चॉकलेट प्लेट. नवीन माणूस आला की ताई ती त्याच्या नाकासमोर धरून विचारायची, "खाणार का?" तिचा तेवढा एकच विनोद होता, पण तो तिने कधी शिळा होऊ दिला नाही.

मीडिया ती स्वतः शिजवायची. बाजारात तयार प्लेटा मिळतात, पण तिचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. वाफाळलेला चंबू हातमोजा घालून उचलायचा, जरा निवू द्यायचा, आणि मग गालाला लावून बघायचा. फार गरम असताना मेंढीचं रक्त घातलं तर ते शिजतं, फार निवल्यावर घातलं तर मीडियाच गोळा होऊन बसतो. थर्मामीटर शेजारीच टांगलेलं असायचं. ते बघायचीही, पण गालाने आधी होकार दिल्यावर. मग रक्त ओतून चंबू हळूच फिरवायचा, फेस येऊ द्यायचा नाही, आणि दिव्याच्या ज्योतीशेजारी एकेक प्लेट अर्धवट उघडून ओतायची. त्या वेळी खोकायलासुद्धा बंदी होती. मला एकदा शिंक आली तर तिने मला दाराबाहेर काढलं, आणि मी आधीच दाराबाहेर होते.

तिचा एक नियम होता. प्लेटवर भलतंच काही उगवलं, म्हणजे रोग्याचं नव्हे तर हवेतलं, हातावरचं, तर ती प्लेट डागी. बाजारात डागी फळ म्हणतात तशी. डागी प्लेट वाचायची नाही. वाचायची म्हणजे उजेडात धरून काय काय उगवलंय ते बघायचं. सरळ लाल बादलीत टाकायची, बादली वाफेच्या भांड्यात जाणार, विषय संपला. नियम उगाच नव्हता. तिच्या आधी जो माणूस होता त्याने एकदा हातावरचा जंतू रोग्याच्या नावावर चढवला होता आणि एका म्हाताऱ्या बाईला महिनाभर नको ते औषध गेलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ताईने आल्या आल्या नियम केला आणि इतकी वर्षं पाळला. चांगला नियम होता. मला त्याचाच राग येतो. वाईट नियमाने घात केला असता तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

ताईला नवरा नाही, मूलबाळ नाही. होता एक धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा ती शाळेच्या शेवटच्या वर्गात आणि तो अजून बुटाची नाडी बांधायला शिकत होता. बाप कामावरून आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. तेव्हा पोराचं दूध, डबा, शाळा, सर्दी-पडसं सगळं हिच्या अंगावर पडलं. तो लहान असताना त्याला सांधे धरणारा ताप आला होता आणि जाताना हृदयाची एक झडप अधू करून गेला. तेव्हापासून ही त्याला तळहातावरच्या फोडासारखा जपायची. फोड मात्र मोठा होऊन लिफ्ट दुरुस्त करायला लागला. उंच इमारतींच्या अंधाऱ्या पोकळीत दोरखंडाला लटकून काम करायचा. मला म्हणायचा, "तायडी मला घरात धुळीत बसू देत नाही, म्हणून मी विहिरीत उतरतो. तिथे तिला दिसत नाही." गमत्या होता. लग्न झालं तेव्हा त्याची बायको ताईच्या पाया पडायला वाकली, तर हा म्हणाला, "अगं थांब, आधी हात धू, मग पाया पड."

त्याची दाढ काढली. दाढेचं काय, सगळेच काढतात. अधू झडप असली की आधी औषध घ्यावं लागतं, नाहीतर तोंडातले जंतू रक्तात शिरून तिथे बसतात, ताईने शंभरदा बजावलं होतं, पण दुखायला लागली तेव्हा हा कामावरूनच कुठल्याशा दवाखान्यात गेला आणि काढून आला. मग बारीक ताप यायला लागला. संध्याकाळी यायचा, सकाळी उतरायचा. त्याने लपवला. भूक गेली, विजार कमरेवर राहीना, तेव्हा बायकोने ताईला सांगितलं आणि ताईने त्याला धरून आमच्याच हॉस्पिटलात आणलं.

हृदयाच्या डॉक्टरांनी छातीचं चित्र काढलं. झडपेवर जंतूंनी ठाण मांडलं होतं. हलणारा एक गोळा दिसत होता, फांदीला चिकटलेल्या मधाच्या पोळ्यासारखा. डॉक्टर ताईला म्हणाले, "कोणता जंतू ते तुम्ही सांगा, कोणतं औषध ते मी सांगतो. तोवर अंदाजाने देतो. पण अंदाज फार दिवस पुरत नाही, आणि त्या गोळ्याचा तुकडा कधी सुटेल सांगता येत नाही."

औषध सुरू व्हायच्या आधी ताईने स्वतः त्याचं रक्त काढलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. बाटल्यांतल्या पातळ मीडियात ते घातलं आणि उबेच्या कपाटात ठेवलं. बाटल्या लवकरच गढूळ झाल्या. ती बाहेर माझ्याकडे आली ती चक्क हसत. "आला गं, आला!" म्हणाली. भावाच्या रक्तात जंतू सापडल्याचा आनंद! पण आमच्या धंद्यात तो आनंदच असतो. चोर दिसला म्हणजे अर्धा धरला. काचेवर थेंब घेऊन रंग देऊन तिने मला सूक्ष्मदर्शकात दाखवलंसुद्धा. जांभळे मणी, वेड्यावाकड्या माळेत ओवलेले. "आता प्लेटवर घेते. उद्या नाव सांगते."

दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी होती.

कोरी म्हणजे जशी ओतली तशी. लाल, गुळगुळीत, चकचकीत. ताईने ती उजेडात धरली, तिरकी केली, भिंगातून बघितली. म्हणाली, "उशीर लावतोय." अजून एक दिवस ठेवली. कोरीच. मग चॉकलेट प्लेटवर घातला. तिच्यावर काचेवर धरलेल्या श्वासासारखं काहीतरी पुसट आलं. ते उचलून रक्ताच्या प्लेटवर नेलं तर गेलं ते गेलंच. मेणबत्तीच्या बरणीत ठेवून बघितलं. हवा काढलेल्या डब्यात ठेवून बघितलं. ऊब कमी करून, ऊब वाढवून. साखर घालून, साखर वगळून. मेंढीचं रक्त बदलून, ताजं आणून घालून. बाटलीत तो मजेत वाढत होता. काचेवर दर वेळी दिसत होता, जिवंत, पोटभर. आणि प्लेटवर टाकला की मरत होता. जिवाचं रान केलं बाईने. मोठ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत त्या जंतूची नळी पाठवली, तर तिकडून उत्तर आलं, वाढ नाही.

रोज सकाळी तिची भावजय आमच्या खिडकीशी यायची. आत यायला परवानगी नाही, म्हणून खिडकीच्या कठड्याला धरून उभी राहायची. आम्ही ग्रोथ म्हणतो, ती आपल्या साध्या भाषेत विचारायची.

"ताई, उगवलं का काही?"

"नाही गं."

"उद्या उगवेल?"

"उगवायला पाहिजे."

मग ती वॉर्डात परत जायची. मी तिकडे पाठ करून साखर मोजत बसायची. ते दोन शब्द ऐकायची ताकद माझ्यात नव्हती, तर सांगायची ताईत कुठून येत होती देव जाणे.

अंदाजाचं औषध अर्धवटच लागू पडत होतं. ताप एक दिवस कमी यायचा, दोन दिवस चढायचा. भाऊ उशांच्या ढिगाला टेकून बसायचा, आडवं झालं की दम लागायचा. ताई वर भेटायला गेली की तेवढ्या दमातही बोलायचा, "तायडे, तुझ्या जंतूला म्हणावं, लाजू नकोस, घरचेच आहोत." ती हसायची नाही. त्याच्या पांघरुणाचं टोक सरळ करायची आणि परत यायची. येताना जिन्यात थांबून रडायची, कारण प्रयोगशाळेत डोळ्याला हात लावायची तिलाच बंदी होती.

आणि मग दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. डॉक्टर एक दिवस खाली आले. चिडलेले नव्हते, थकलेले होते. म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्हाला काचेवर दिसतं ते त्याच्याच रक्तातलं कशावरून? बाटलीच खराब असेल तर? रंगात घाण असेल तर? कुठेच उगवत नाही म्हणजे कदाचित नाहीच. मला औषध बदलायचं तर खात्री हवी."

दुसऱ्या कुणाला हे विचारलं असतं तर तो रीतसर प्रश्न होता. तिला विचारला म्हणजे शिवी होती. तिचे कान लाल झाले, एवढंच. डॉक्टर गेल्यावर तिने सगळं टेबल धुतलं. मग कपाट धुतलं. रंगाच्या बाटल्या ओतून नवीन भरल्या. पाणी दोनदा उकळलं. आधीच सोसवेना इतकी स्वच्छता, ती आता राक्षसी झाली. मला म्हणाली, "एक कण सापडायला नको त्यांना माझ्या खोलीत."

पण हात ऐकत नव्हते. झोप नाही, जेवण नाही, वॉर्ड आणि खोली अशा फेऱ्या. जंतू उचलायची तार ज्योतीत लाल करून प्लेटवर फिरवताना ती मधेच थांबायची. झाकण क्षणभर जास्त उघडं राहायचं. ज्या बाईच्या हातून क्वचितच प्लेट डागायची, तिच्या प्लेटांवर आता वरचेवर पिवळा ठिपका दिसायला लागला. जाड, तेलकट, मिजासखोर. सकाळी प्लेट काढली, पिवळा दिसला, की ती झाकणावर हात ठेवून झाकायची आणि चोरासारखी बादलीकडे जायची. बादलीचं झाकण आपटल्याचा आवाज मला बाहेर ऐकू यायचा. बघायची नाहीच. नियम होता. आणि आता नियमाहूनही मोठं, डॉक्टरांचं बोलणं मनात होतं.

भावाच्या पायांवर सूज चढली. नखांखाली काळ्या रेघा दिसायला लागल्या. शस्त्रक्रिया करून झडप बदलायची म्हटलं तर शल्यविशारद म्हणाले, आतला जंतू काबूत आल्याशिवाय नवी झडप घालणं म्हणजे घर जळत असताना नवीन दार बसवणं. म्हणजे सगळं पुन्हा येऊन आतल्या खोलीत, त्या लाल गुळगुळीत प्लेटवर थांबलं होतं. भावजय आता विचारायचीही नाही. कठड्याला धरून नुसती बघायची. ताई मान हलवायची. ती जायची.

त्या सकाळी मी अर्ध्या काचेच्या दारातून आत बघत होते. ताईने कपाटातून प्लेट काढली. लांबूनही मला पिवळा ठिपका दिसला, मधोमध. ती उठली. बादलीपर्यंत गेली. एका हाताने झाकण उचललं, आणि तशीच उभी राहिली.

नंतर मी तिला विचारलं, का थांबलीस. तिने जे सांगितलं ते मी विसरणार नाही. म्हणाली, "मला काहीतरी उगवलेलं बघायचं होतं गं. काहीही. इतके दिवस कोऱ्या प्लेटा बघून डोळे फुटायची वेळ आली होती. म्हटलं, घाण का असेना, जिवंत तर आहे."

भुकेल्या माणसाने दुसऱ्याच्या ताटात बघावं तशी ती त्या डागात बघायला लागली. मग खिडकीशी गेली. प्लेट तिरकी केली. भिंग घेतलं. आणि मला हाक मारली. चपला न बदलता, हात न धुता मी आत गेले आणि तिने मला अडवलं नाही.

पिवळ्या ठिपक्याभोवती कडं होतं. बारीक, पारदर्शक, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, दिव्याभोवती चिलटं जमावीत तसे. ठिपक्याजवळ दाट, लांब जावं तसे विरळ, आणि त्यापलीकडे पुन्हा कोरं. तिने त्यातला एक तारेच्या टोकावर घेतला, काचेवर पसरला, रंग दिला. जांभळे मणी. वेडीवाकडी माळ.

"एकटा वाढतच नाही तो," ती म्हणाली. आवाज सपाट होता. "त्याला एक जीवनसत्त्व लागतं, ते त्याला स्वतः करता येत नाही. बाटलीत रोग्याचंच रक्त असतं, त्यातून मिळतं. प्लेटवर मिळत नाही. दुसरा जंतू शेजारी असला आणि तो ते करून आजूबाजूला सांडत असला, तरच हा जगतो. उष्ट्यावर. मी वाचलंय हे. परीक्षेला होतं. मी लिहिलंय ते परीक्षेत."

"मग झालं की!" मी म्हणाले. मला वाटलं, मी ओरडलेच आनंदाने. "सापडला ना, ताई!"

ती खाली बसली. जमिनीवर. ज्या जमिनीवर पडलेलं पेन ती फेकून द्यायची, त्या जमिनीवर भिंतीला टेकून बसली.

"पहिल्या आठवड्यात एक डागली होती," ती म्हणाली. "त्यानंतर किती, मला आठवत नाही. सगळ्यांवर असणार हा. कडं करून बसलेला. माझी वाट बघत. मी फेकल्या गं. झाकण उघडून बघितलंसुद्धा नाही."

मी तिला धरून उठवलं. रडायला वेळ नव्हता हेच बरं होतं. तिने एक स्वच्छ प्लेट घेतली, तिच्यावर भावाच्या बाटलीतला जंतू सगळीकडे पसरला, आणि मग आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. तो पिवळा तारेवर घेऊन प्लेटच्या मधून आडवी रेघ ओढली. मुद्दाम घाण केली. "हा पिवळा माझाच असणार," म्हणाली, "नाकातला नाही तर हातावरचा. दुसरं आत असतं कोण?" पहिली प्लेट घेऊन ती तशीच वर डॉक्टरांकडे गेली. त्यांनी भिंगातून बघितलं आणि दुसऱ्या प्लेटची वाट न बघता औषधं बदलली. या जातीला एक औषध पुरत नाही, दोन मिळून मोठ्या मात्रेत द्यावी लागतात. इतके दिवस दिलेलं औषध त्याला नुसतं गुदगुल्या करत होतं.

दुसऱ्या दिवशी प्लेटवर रेघेच्या दोन्ही बाजूंनी रस्त्याकडेच्या रेतीसारखे ठिपके उगवले होते. ताईने खिडकीतून भावजयीला प्लेट दाखवली. "उगवलं," म्हणाली. ती बिचारी कठड्यावर डोकं टेकून रडली.

ताप उतरला. खरोखर उतरला. भाऊ मऊ भात जेवला आणि म्हणाला, मीठ कमी आहे. वॉर्डात जाऊन डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या बहिणीने शोधून काढला. मोठ्या प्रयोगशाळेला जमलं नाही ते हिला जमलं." भावाने शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगितलं, पलीकडच्याला सांगितलं, फरशी पुसायला आलेल्या बाईला सांगितलं. त्या दिवशी वॉर्डात ताईचं कौतुक ऐकल्याशिवाय कुणी सुटलं नाही.

आणि त्यानंतर लवकरच, चहाचा कप हातात असताना, त्या गोळ्याचा एक तुकडा सुटला आणि मेंदूत जाऊन बसला. कप पडला. उजवा हात पडला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. बोलायला गेला तर नुसता आवाज आला, शब्द नाही.

पुढे झडपेची शस्त्रक्रिया झाली, यशस्वी झाली. जंतू समूळ गेला. माणूस वाचला. डॉक्टरांनी ताईला खरं ते सांगितलं, कारण तिने खरं तेच विचारलं होतं. औषध लागू पडल्यावर गोळा दिवसागणिक सुकतो, तुकडा सुटायची भीती कमी होत जाते. दोन-तीन आठवडे आधी सुरू झालं असतं तर? "बहुधा सुटला नसता," डॉक्टर म्हणाले. "पण ताई, बहुधाला काय अर्थ आहे?" डागी प्लेटांचं त्यांना माहीत नव्हतं. ताईने सांगितलं. ते म्हणाले, कुणीही फेकल्या असत्या. ते खरंच होतं. त्याचा तिला काही उपयोग नव्हता.

भावजय खिडकीशी आली ती आभार मानायला. हातात फळांची पिशवी होती. "ताई, तुम्ही नसतात तर हे हाती लागलेच नसते," म्हणाली. ताईने पिशवी घेतली नाही. खिडकीच्या आतून, उभ्या उभ्या, जे होतं ते सगळं सांगितलं. "पहिल्या आठवड्यातच उगवला होता. मी बघितला नाही. मी फेकला. एकदा नाही." मी माझ्या टेबलाशी बसले होते आणि मला वाटत होतं, ही बाई आता किंचाळेल, शिव्या देईल, पिशवी तोंडावर मारेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

तिला समजायला वेळ लागला. मग तिने पिशवी कठड्यावर ठेवली.

"त्यांना सांगितलंत?"

"नाही. आज सांगणार आहे."

"सांगू नका."

"त्याला कळायला पाहिजे. मी त्याच्याशी कधी खोटं..."

"ताई, त्यांना सगळं समजतं," भावजय म्हणाली. आवाज चढला नव्हता. "एकूण एक शब्द समजतो. तुम्ही सांगून मोकळ्या व्हाल. त्यांना राग आला तर ते काय करतील? रागवायला तोंड कुठंय त्यांना? माफ केलं म्हणायलाही नाही. ते नुसते पडून राहतील तुमच्याकडे बघत. तेवढं करू नका."

ती गेली. फळं ठेवून गेली.

ताईने सांगितलं नाही. अजून नोकरीत आहे. आता ती प्रत्येक डागी प्लेट वाचते, वाचून झाल्यावरही पटकन टाकत नाही. नियम तिनेच मोडला, हे नवीन लोकांना माहीतही नाही. पण ते तिचं दुःख नाही. दुःख संध्याकाळी असतं. काम संपलं की ती भावाकडे जाते, आणि कधी मीही बरोबर असते. तो खुर्चीत खिडकीशी बसलेला असतो. घरात कुणी पाहुणा असला, शेजारी असला, साधा गॅसवाला आलेला असला, तरी तो डाव्या हाताने त्या माणसाची बाही ओढतो. मग ताईकडे बोट दाखवतो. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवतो, मग पुन्हा तिच्याकडे, आणि वाकड्या तोंडाने हसत मोठमोठ्याने आवाज काढत राहतो. समोरच्याला समजेपर्यंत थांबत नाही. शेवटी भावजयच सांगते, "ह्यांना बहिणीने वाचवलं, ते म्हणतायत." समोरचा माणूस ताईला नमस्कार करतो. ती तिथे उभी राहते आणि तो घेते.